सासूबाईंचे सात दिवस

तीर्थरूप मामा,

पायांवर डोकं ठेवतो. (उजव्याच. डावा सुजलाय असं मामींनी कळवलं आहे, तेव्हा त्याला लांबूनच नमस्कार.) सूज उतरली का? मीठ खरंच कमी केलंत, की मामींची पाठ वळली की बरणी उघडता? मामींच्या कानातल्या यंत्राचं काय झालं? त्या म्हणतात ते बिघडलंय, तुम्ही म्हणता त्या मुद्दाम बंद ठेवतात. मला वाटतं दोघांचंही खरं असावं. इकडे आम्ही तिघंही ठीक. तिघं म्हणजे मी, तुमची भाचेसून आणि तिच्या आई. घरात गेले अकरा दिवस बोलणं बंद आहे, पण त्यामुळे अजून कुणाला ताप वगैरे आलेला नाही.

तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. त्यात तुम्ही एकच प्रश्न विचारलाय, "दुकान घेतलंस की नाही?", आणि खाली दोन रेघा मारल्या आहेत. (दुसऱ्या रेघेला कागद फाटलाय. इतका जोर कशाला लावता मामा, या वयात?) उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. पण नुसता तो शब्द वाचून तुम्ही मामींना हाक मारून सांगाल, "बघ, उडवले गाढवाने पैसे!" आणि मामींचं यंत्र नेमकं तेव्हा चालू असेल. म्हणून एवढी पानं लिहायला बसलो आहे. मी पैसे उडवले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा वाचवले, अगदी शेवटच्या नाण्यापर्यंत वाचवले, आणि तरी दुकान मिळालं नाही. मिळालं नाही ते माझ्याच तोंडामुळे. पहिल्यापासून सांगतो.

माझं दुकान तुम्ही पाहिलंच आहे. जिन्याखालची ती जागा, मी आणि गिऱ्हाईक दोघं आत असलो तर एकाला श्वास रोखून धरावा लागतो. भिंतीभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, समोर कानस मारायचं यंत्र, आणि एकोणीस वर्षांचा पितळेचा भुगा, जो झाडूनही जात नाही. जागा वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची. डॉक्टरांनी पंचेचाळीस वर्षं लोकांचे दात उपटले आणि त्यातून मिळालेलं जवळजवळ काहीच खर्च केलं नाही. त्यांचा एकच कोट आहे. जिन्यातला दिवा ते स्वतः खाली येऊन मालवतात. असा माणूस गेल्या वर्षी एक दिवस दुकानात आला आणि म्हणाला, "जागा विकायची आहे. एकोणीस वर्षं तू बसतोस, म्हणून आधी तुला विचारतो. दहा महिन्यांत किमतीचा पाचवा हिस्सा आण, बाकीचं हप्त्याने दे. नाही जमलं तर शेजारचा बूटवाला तयार आहे."

मामा, बूटवाला! त्या माणसाला माझी जागा कशासाठी हवी आहे ठाऊक आहे? रिकामी खोकी ठेवायला! पण मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. "अहो त्यात काय, देऊ की," असं एखाद्या जहागीरदाराच्या थाटात म्हणालो, आणि डॉक्टरांसाठी कोपऱ्यावरून चहा आणि महागातल्या बिस्किटांचा डबा मागवला. डॉक्टरांनी एक बिस्कीट खाल्लं, दोन खिशात टाकली आणि गेले.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "आपल्याकडे किती आहेत?" ती डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर तपासते हे तुम्हाला माहीत आहेच. माणसाला खुर्चीत बसवून "आता खालची ओळ वाचा" म्हणण्याची तिला इतकी सवय झालीय की घरीही ती त्याच आवाजात बोलते. तिने बँकेचा कागद माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "खालची ओळ वाच." वाचली. चष्म्याशिवाय वाचता आली, कारण आकडे फारसे नव्हतेच.

मग तिने मागच्या खोलीचं दार उघडलं. त्या खोलीत आम्ही राहत नाही, त्या खोलीत माझ्या वस्तू राहतात. पाय चेपायचं यंत्र. आकाशातले ग्रह पाहायची दुर्बीण, जिच्यातून आम्हाला समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. दांड्यात विजेरी बसवलेल्या तीन छत्र्या. घरच्या घरी पाव करायचं यंत्र, ज्यात एकदाच पाव केला आणि तो अजून दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावतो. आणि तीन तंबू, मामा, तीन. प्रत्येकात सहा माणसं झोपतील असे. दोन घेतले तर तिसरा निम्म्या किमतीत होता, आणि त्या वेळी मला खरोखर असं वाटलं होतं की दोनच घेणं हा शुद्ध मूर्खपणा ठरेल. माणसं आम्ही तीन, त्यातल्या एकीचे गुडघे वाकत नाहीत. बायको म्हणाली, "यातली एकेक वस्तू म्हणजे दुकानाची एकेक फरशी आहे." एवढंच बोलली आणि दिवा मालवून निघून गेली. मी अंधारात तंबूंपाशी थोडा वेळ उभा राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून काटकसर सुरू झाली. बायकोने एक पत्र्याची पेटी आणली, तिला कुलूप घातलं, माझी सगळी कमाई तिच्यात टाकायची आणि किल्ली तिच्यापाशी, असं ठरलं. आता तुम्हीच सांगा, कुलपांवर पोट असलेल्या माणसासमोर कुलूप ठेवायचं, यात माझा काय दोष? आचाऱ्यासमोर भाजी ठेवली तर तो चिरणारच. मला पैसे नकोच होते. मी नुसतं पाहत होतो की कुलपाच्या आत किल्लीने उचलायच्या पिना किती आहेत. नऊ सेकंद लागले. पेटी उघडीच होती, आणि योगायोगाने कोपऱ्यावरच्या दुकानात दाढीच्या यंत्रांवर सवलतही चालू होती.

बायकोने दुसरं कुलूप आणलं. पावणेदोन मिनिटं. (बायको दवाखान्यात होती, सासूबाई वर्तमानपत्र वाचत होत्या, आणि वर्तमानपत्राच्या वरून त्यांचे डोळे माझ्याकडे पाहत होते हे मला नंतर कळलं.) तिसऱ्या वेळी मी स्वतःच तिला मनापासून मदत केली. म्हटलं, तुला फसवतात, मी सांगतो ते कुलूप घे. परदेशी, जाडजूड, धंद्यातली माणसं ज्याच्यापुढे हात टेकतात असं. त्याची किंमत ऐकून सासूबाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. पण कुलूप खरंच अप्रतिम होतं. मी तीन दिवस दुकान उघडलं नाही. जेवायला उठायचं भान राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आत बारीक 'टक्' असा आवाज झाला, आणि मामा, त्या आवाजाचं सुख मी तुम्हाला सांगू शकत नाही. त्या आनंदाच्या भरात मी बाहेर पडलो आणि पाणबुड्यांचं मनगटी घड्याळ घेऊन आलो. दोनशे मीटर खोल पाण्यात चालतं. मला पोहता येत नाही.

त्या संध्याकाळी बायको रडली. ओरडली असती तर मी उलट ओरडलो असतो, आमचं तसं छान जमतं. पण ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "बूटवाल्याची खोकी तुझ्या जागेत आली की तू जाशील कुठे? पन्नाशी आली. रस्त्यावर बसून किल्ल्या घासणार का?" घड्याळ मी मनगटावरून काढून खिशात ठेवलं.

तेव्हा सासूबाई बोलल्या. सासूबाई बत्तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. गादीत शिवलेली पत्रं, बुटात लपवलेली लिपस्टिक, तांदळाच्या डब्यात पुरलेला ट्रान्झिस्टर, सगळं त्यांनी नुसत्या वासावरून शोधून काढलेलं आहे. त्या म्हणाल्या, "पैसे माझ्याकडे द्या." बस्स. दर सोमवारी त्या स्वतः बँकेत जाऊन स्वतःच्या खात्यात भरायला लागल्या. मला रोज सकाळी बसचं भाडं आणि एका चहाचे पैसे मिळत, हातावर मोजून. कुलूप कितीही चांगलं असलं तरी कधी ना कधी उघडतं, मामा. सासूबाई उघडत नाहीत.

शिवाय त्यांनी एक नियम काढला. काही घ्यावंसं वाटलं तर ते कागदावर तारखेसह लिहायचं, कागद फ्रिजच्या दाराला लावायचा, सात दिवस थांबायचं, आणि आठव्या दिवशी त्यांच्यासमोर उभं राहून ती वस्तू का हवी ते सांगायचं. उभं राहून! या वयात! पहिलाच कागद मी विजेवर चालणाऱ्या स्क्रू-ड्रायव्हरचा लावला.

"काय आहे हे?" आठव्या दिवशी त्यांनी विचारलं.

"स्क्रू-ड्रायव्हर. बेचाळीस तोंडं आहेत त्याला."

"घरात स्क्रू किती आहेत?"

मी म्हटलं, असे कोण मोजतं? त्या म्हणाल्या, मोजून ये. खुर्च्यांखाली, दारांमागे, बिजागऱ्यांपाशी वाकून वाकून मोजले. एकशे सव्वीस भरले.

"त्यातले ढिले किती?"

परत गेलो. दोन.

"ते दोन साध्याने आवळून ये."

आवळून आलो. दोन मिनिटं लागली. त्या म्हणाल्या, "आता सांग, का हवाय?" मी फ्रिजवरचा कागद काढून घेतला. तुम्ही हसाल, पण मी त्या वेळी संतापलो होतो. मनात म्हटलं, आठवड्याने माझीच मला लाज वाटावी अशी ही व्यवस्था आहे, हिला काटकसर म्हणत नाहीत, हिला छळ म्हणतात. आणि सगळ्यात चीड कशाची, तर बहुतेक वेळा आठव्या दिवशी मला ती वस्तू नकोच असायची. एकदा तर कागदावर 'हवा भरायचा पलंग, हिरवा' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं आणि तो मला कशासाठी हवा होता हे काही केल्या आठवेना. उभा राहून नुसता घसा खाकरत होतो.

पाच महिने असे गेले. मग एकदा पाय घसरला. तीन गल्ल्या पलीकडे घरगुती सामानाचं मोठं दुकान आहे, चहाचे साठवलेले पैसे आणि एका गिऱ्हाइकाने जादा दिलेले, असे मिळून मी तिथून घडीची शिडी घेतली आणि आपल्या दुकानात किल्ल्यांच्या मागे लपवली. दुसऱ्याच दिवशी सासूबाई दारात हजर. म्हणाल्या, "पेटीची किल्ली करून हवी आहे." (कसली पेटी आणि कसली किल्ली! रेक्टरबाई झडतीला आल्या होत्या.) शिडी त्यांना बसायच्या आतच दिसली. मी मान खाली घालून वाट पाहत राहिलो. पण त्या स्टुलावर बसल्या आणि दिवसभर उठल्याच नाहीत.

त्या दिवशीची गिऱ्हाइकं सांगतो. सकाळी एक बाई धावत आल्या, दार लागून गेलं होतं आणि आत गॅसवर दूध. त्यांच्याबरोबर पळत जाऊन दार उघडून दिलं तर दूध उतू गेलं म्हणून माझ्यावरच चिडल्या. मग एक नवरा-बायको आले, किल्ली कुणी हरवली यावर त्यांचं भांडण, आणि मी किती घेणार हे ऐकल्यावर दोघांची एकजूट झाली. मग एका गृहस्थाने आपल्याच मुलाने बदललेलं कुलूप उघडून मागितलं, मी घर तुमचं असल्याचा कागद दाखवा म्हटलं, तर चोर तूच असशील म्हणून गेला. संध्याकाळी दुकान बंद करताना सासूबाई म्हणाल्या, "दिवसभरात तुला बघून एक माणूस हसला नाही."

मी म्हटलं, "कुलूपवाल्याला बघून कोण हसतं? अडल्याशिवाय कुणी येत नाही." आणि मग काय झालं कोण जाणे, त्यांना सांगून टाकलं. त्या घरगुती सामानाच्या दुकानात मी शिरलो की मालक गल्ल्यावरून उठतो. "या, या, बऱ्याच दिवसांनी!" म्हणतो. खुर्ची पुढे करतो. मला काय आवडेल ते त्याला ठाऊक असतं. शिडी घेतली नसती तर नुसतंच कसं बसायचं तिथे?

सासूबाई "हं" म्हणाल्या. मग शिडीचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि तीन गल्ल्या चालत जाऊन आम्ही ती परत केली. मालकाचा चेहरा मी पाहिला नाही, मी पूर्ण वेळ पंख्याकडे पाहत होतो. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं, तर सासूबाई टेबलाला धरून उठून उभ्या राहिल्या. त्या गुडघ्यांनी. म्हणाल्या, "आलास? बस. दमला असशील." आणि खुर्ची पुढे सरकवली. तेव्हापासून रोज उठतात, आत्ता बोलणं बंद आहे तरी उठतात. मामा, त्या दिवसानंतर मी काही लपवून घेतलं नाही. याहून जास्त लिहीत नाही, पेन नीट चालत नाहीये.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की पोरगा सुधारला. सुधारला हो, तिथेच तर घात झाला. जन्मात कधी न जमलेली गोष्ट जमल्यावर माणसाला जो माज चढतो तो मला चढला. मी उपदेश करायला लागलो. बूटवाल्याला सात दिवसांचा नियम सांगितला. बसमध्ये शेजारच्याला सांगितला. कुणी चार किल्ल्या करायला आला तर म्हणायचो, "चार कशाला? दोन पुरतात. नीट सांभाळा." बायको म्हणाली, "अरे, किल्ल्या विकणं हा तुझा धंदा आहे!" पण मी कुठला ऐकतोय. दोन तंबू आणि दुर्बीण मी स्वतःहून विकली, आणि दहावा महिना संपायला आठ दिवस असताना पाचवा हिस्सा पुरा झाला. सासूबाईंनी चेक लिहिला, दोनदा वाचला, आणि मगच सही केली. बायकोने माझा शर्ट इस्त्री केला, स्वतःची चांगली साडी नेसली. जिन्याखाली क्षणभर थांबून तिने दुकानाच्या फळीवर हात फिरवला. मग आम्ही दोघं वर गेलो.

डॉक्टर इतके खुशीत होते की मी ओळखलंच नाही. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आलेल्या माणसाला स्वतःहून चहा दिला. म्हणाले, "दुकान का विकतोय विचारलं नाहीस कधी? बोट घ्यायचीय!" (दातांचे डॉक्टर, त्यामुळे माझं लक्ष आधी त्यांच्या हाताकडे गेलं. म्हटलं, कुणी चावलं की काय.) त्यांनी फोटो काढून दाखवला. छोटी पांढरी बोट, निळा पट्टा. म्हणाले, "आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघितलं. इतकं जवळून. आता जरा लांबचं बघावं म्हणतो."

हे ऐकून शहाण्या माणसाने काय केलं असतं? चेक पुढे केला असता आणि म्हणाला असता, फार छान, सही कुठे करू? चेक माझ्या वरच्या खिशात होता. पेन डॉक्टरांच्या हातात होतं. आणि मी काय म्हणालो ठाऊक आहे?

मी म्हणालो, "डॉक्टर, सात दिवस थांबा."

बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं चुकून लागला. मी पाय बाजूला घेतला आणि पुढे बोलत राहिलो. कागदावर लिहायला सांगितलं, तारीख घालायला सांगितलं. विचारलं, वर्षातून किती दिवस बोटीवर जाल? उरलेले दिवस ती कुठे ठेवाल? त्याचं भाडं? रंग? डागडुजी? बायको कळवळून म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही घ्या हो बोट. बोट चांगली असते." मी तिला म्हटलं, "तू मधे बोलू नकोस, हा त्यांच्या भल्याचा प्रश्न आहे." वीस मिनिटं बोललो, मामा. हिरव्या पलंगाचीही गोष्ट सांगितली. डॉक्टर गंभीर होत गेले. शेवटी त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "तू म्हणतोस त्यात तथ्य आहे. सह्या आठ दिवसांनी करू."

घरी येईपर्यंत बायको माझ्यापासून दहा पावलं पुढे चालत होती.

आठव्या दिवशी डॉक्टर खाली दुकानात आले. माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "वाचवलंस मला. सात दिवस रोज तो कागद वाचला. चौथ्या दिवशीच कळलं, बोट नकोय मला. म्हातारचळ होता. आणि बोट नको, तर जागा विकायची गरजच काय?" मी म्हटलं, "डॉक्टर, पण..." ते म्हणाले, "आणि तुझ्यामुळे मला एक सवय लागली. कुठे कुठे पैसा गळतो ते सगळं तपासून काढलं. तुझं भाडं सहा वर्षांत वाढवलेलंच नाही! पुढच्या महिन्यापासून वाढव." माझी पाठ थोपटली, आणि वर जाता जाता दुकानातला दिवासुद्धा मालवून गेले.

घरी सांगितलं. बायको उठून आतल्या खोलीत गेली, ती त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही. काही हवं असेल तर भिंतीकडे बघून सांगते. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मी तुला थांबायला शिकवलं होतं. दुसऱ्याला थांबवायला कुणी सांगितलं होतं?" आणि त्याही गप्प झाल्या.

तर मामा, अशी हकिकत. पैसे जसेच्या तसे सासूबाईंच्या खात्यात आहेत. दुकान डॉक्टरांचं आहे. भाडं वाढलं आहे. बूटवाला रोज सकाळी मला बघून हसतो. मी उधळा होतो तेव्हा मला निदान पाय चेपायचं यंत्र तरी मिळत होतं. आता काय मिळालं, सांगा! तरी माझी कुणाबद्दल तक्रार नाही. मनाची समजूत घातली आहे. भाड्याच्या जागेत एकोणीस वर्षं गेली, उरलेलीही जातील. तुम्ही काळजी करू नये, पाय उंचावर ठेवून बसावं, आणि बरणीला हात लावू नये. मामींना नमस्कार. (यंत्र चालू असताना सांगा.)

तुमचा,
हात जोडून आणि डोकं धरून बसलेला
भाचा

ता. क. मनाची समजूत घातली आहे असं वर लिहिलंय, ते खरं नाही. तुम्ही एकतीस वर्षं बोटीवर इंजिन सांभाळलंत. डॉक्टरांना एक लांबलचक पत्र लिहा. कुणी लिहायला सांगितलं ते कळू देऊ नका, एक जुना दर्यावर्दी म्हणून सहज लिहितोय असं भासवा. पहाटेचं पाणी, उघडी हवा, म्हातारपणी परत येणारी भूक, हे सगळं येऊ द्या. उलट्या आणि बायकोच्या विरहाचा भाग गाळा. त्यांचा पत्ता पाकिटाच्या आत चिकटवला आहे.

आणखी एक. तुम्हाला पत्रात बारीकसारीक तपशील देता यावेत एवढ्याचसाठी मी काल धक्क्यावर जाऊन ती बोट पाहून आलो. लांबी साडेसहा मीटर. आत दोन बाक, हात धुवायचं एक लहानसं भांडं, आणि केबिनच्या दाराला पितळी कुलूप, असं कुलूप मी पूर्वी कधी हाताळलेलं नाही. मालकाने आता किंमत एक तृतीयांशाने उतरवली आहे, फक्त या महिन्यापुरती. मी घेतलेली नाही. कागदावर लिहिली आहे. कागद फ्रिजवर लावलेला नाही, तो माझ्या खिशातल्या पैशांच्या पाकिटात आहे. शुक्रवारी सात दिवस पुरे होतात. तेव्हा मामा, पत्र जलद टपालाने पाठवा आणि शक्यतो आजच. डॉक्टरांनी शुक्रवारच्या आत ती बोट घेतली नाही, तर माझा भरवसा मला नाही.